मदत हवी आहे: मुलगी वाचते, पण अर्थ लागत नाही

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. लेक ७ वर्षांची, दुसरीत, इंग्रजी माध्यमात. मराठी घडाघडा वाचते, पण "माकड झाडावर का चढलं?" विचारलं की गप्प, बोट पुन्हा पहिल्या शब्दावर.

वाक्यंही अडतात. शब्दांच्या चिठ्ठ्यांतून "आजी चहा पिते" जुळवते. भूतकाळ आला की "आजीने आंबा खाल्ली". तिचं तरी काय चुकलं? 'आजी चहा प्यायली' चालतं, मग 'खाल्ली' का नाही? क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे, कधी कर्माप्रमाणे बदलतं, हे नियम न घोकता कसं रुजवायचं? चूक सुधारली की हिरमुसते, ते बघवत नाही.

रोज १५ मिनिटांत काय करून घ्यावं? आणि मराठी ग्रंथ संग्रहालयात या वयाची, छोट्या वाक्यांची पुस्तकं कुणी घेतली आहेत का?