मदत हवी आहे: वाचताना सगळं येतं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय.

वय 46. फिटनेस ट्रेनरच्या कोर्सला नाव घातलंय आणि पाच आठवड्यांनी शरीररचनेचा पेपर आहे. अभ्यासाची पद्धत कॉलेजात होती तीच, धडा तीनदा वाचायचा, पिवळा हायलायटर फिरवायचा (आता पान पांढरं कमी आणि पिवळंच जास्त दिसतं) आणि झोपताना परत एकदा नजर टाकायची. वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. परवा मुलगी म्हणाली, आई पुस्तक मिट आणि मनगटातली 8 हाडं सांग. स्कॅफॉइड, ल्युनेट, मग एकदम हॅमेट आणि पुढे ठणठणाट! चित्र पानाच्या डाव्या बाजूला वर आहे, त्याच्या कोपऱ्यावर शाईचा ठिपका आहे, हे सगळं आठवतंय पण नावं नाहीत. पुस्तक उघडलं की लगेच "अरे हो, हेच की".

मग जरा शोधाशोध केली तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग सापडला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदाच वाचून नंतर न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. 5 मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने तपासलं तर उलटं, 42 विरुद्ध 56. म्हणजे आयुष्यभर मी त्या पहिल्या पाच मिनिटांवरच भुलत आले म्हणायचं.

तर आता कोऱ्या कागदावर लिहायला लागलेय, पण दोन शंका आहेत. चार दिवस मी न तपासताच लिहीत होते, काल पुस्तक उघडून बघते तर चारही दिवस ट्रॅपेझियमच्या जागी ट्रॅपेझॉइड! आता हे चुकीचंच डोक्यात पक्कं झालं का? आणि दुसरं म्हणजे ते एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाचं विसरण्याचं वक्र (वेळ जाईल तसं किती विसरतो ते दाखवणारं), एका दिवसात दोन तृतीयांश जातं म्हणतात, मग काय रोज सगळंच परत करायचं? हाताशी दिवसाला जेमतेम तासभर असतो. स्मरणशक्तीच्या गोळ्या प्लीज सुचवू नका, त्या सुचवणारे घरात आहेत.

प्रतिसाद 1:
ताई, त्या वक्राला एवढं घाबरू नका. एबिंगहाऊसने 1885 मध्ये ते छापलं ते स्वतः एकट्यावरच प्रयोग करून, तेही मुद्दाम अर्थहीन अक्षरं पाठ करून. शिवाय त्याने किती आठवतं हे मोजलंच नव्हतं, पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला ते मोजलं होतं आणि एका दिवसाने ती बचत साधारण 34 टक्के होती. म्हणजे गेलं असं वाटतं तेही पूर्ण गेलेलं नसतं. रोज नको, थोडं विसरायला आल्यावर ओढून काढलं तर जास्त पक्कं होतं. मी आज, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने असं करतो.
चुकीचं म्हणाल तर चुकण्याने बिघडत नाही, न तपासल्याने बिघडतं. लिहिलं की लगेच पुस्तक उघडा. छातीठोकपणे दिलेलं उत्तर चुकलं आणि तिथल्या तिथे दुरुस्त झालं तर ते उलट जास्त लक्षात राहतं.

प्रतिसाद 2:
ट्रॅपेझियम अंगठ्याखाली, ट्रॅपेझॉइड तर्जनीखाली. चित्र सोडा, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नावं घ्या. करंगळीच्या बाजूला तळव्याच्या मुळाशी वाटाण्याएवढं लागतं ना हाताला, ते पिसिफॉर्म. आणि दर वेळी स्कॅफॉइडपासून सुरू करू नका, नाहीतर पाढे म्हटल्यासारखं होतं, मधूनच कोणी विचारलं की अडायला होतं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! दोन दिवस गॅप देऊन आज केलं, 8 पैकी 7. राहिलं कोणतं तर कॅपिटेट, बरोब्बर मधोमध असलेलं आणि सगळ्यात मोठं :( अंगठ्याखालचं मात्र आता नाही चुकत. एक शेवटचं विचारते, पायाच्या घोट्याकडची 7 हाडं आत्ताच यात मिसळून घेऊ की हात पूर्ण झाल्यावर? मिसळली तर गोंधळ होईल अशी भीती वाटतेय.