फटका मागे बसला, दुखलं मधे

२०२०-२१ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल क्लब लिव्हरपूल फक्त बचावपटू व्हॅन डाइकच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे घसरलं, हे अर्धंच खरं. ऑक्टोबरात तो जखमी होऊन बाहेर गेला, नोव्हेंबरात दुसरा बचावपटू गोमेझ, जानेवारीअखेर तिसरा, मातिप. खरं नुकसान ती जागा भरताना झालं: मधल्या फळीतले फाबिन्यो आणि हेंडरसन मागे बचावात ओढले, आणि मधल्या फळीत चेंडू हिसकावणारं कुणी उरलंच नाही. त्यात फेब्रुवारीत सेंटर-बॅक (बचावाच्या मध्यभागी) खेळताना हेंडरसनची जांघ गेली. अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, लीगचे सलग ६ सामने हरले! मार्चमध्ये फिलिप्स-कबाक या सेंटर-बॅकना मागे ठेवून फाबिन्योला पुन्हा मधे आणलं. पुढे कबाकही जखमी झाला, तरी फाबिन्योला बहुतेक मधेच ठेवलं. शेवटच्या १० सामन्यांत ८ विजय, २ बरोबरी; हंगामाअखेर एकूण ६९ गुण, तिसरा क्रमांक. एका दुखापतीसाठी दोन जागा मोडू नयेत. कच्चा का होईना, त्याच जागेवरचा पोरगा उतरवावा.