शब्दचर्चा : रेणूचा ‘आकार’ की ‘ठेवण’?

अनुवाद करताना एका वाक्याशी अडले आहे : ‘प्रतिदीप्त रंजक किती उजळेल हे त्याच्या रेणूच्या आकारावर ठरतं.’ मैत्रिणीने वाचून लगेच विचारलं, आकार म्हणजे लहान-मोठा का? मला तसं म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द सुचवाल का? (प्रतिदीप्त रंजक म्हणजे प्रकाश शोषून लगेच स्वतः प्रकाश देणारं रंगद्रव्य. त्या गुणाला ‘प्रतिदीप्ती’ म्हणावं की ‘अनुस्फुरण’ हा वाद कृपया इथे नको.)

—

मैत्रिणीचं बरोबर आहे. ‘वर्तुळाकार’मध्ये आकार म्हणजे रूप, ‘मोठ्या आकाराचं भांडं’ म्हटलं की माप. मी ‘ठेवण’ लिहीन. चेहऱ्याची ठेवण म्हणजे नाक-डोळे एकमेकांशी कसे बसलेत ते, आणि इथेही तेच आहे. फिनॉल्फ्थॅलीन आणि फ्लुओरेसीन ही दोन रंजकं बघा. रेणू जवळपास सारखेच, पण फ्लुओरेसीनमध्ये अणूंच्या दोन वलयांना सांधणारा ऑक्सिजनचा पूल जास्तीचा. पूल नसला की वलयं एकेरी बंधाभोवती गिरक्या घेतात आणि शोषलेली ऊर्जा त्या हालचालीत उष्णता होऊन जाते. म्हणून फिनॉल्फ्थॅलीन अल्कलीत गडद गुलाबी दिसतं, पण उजळत नाही. अल्कलीतलं फ्लुओरेसीन मात्र शोषलेल्या दर १०० फोटॉनमागे (प्रकाशकणांमागे) ९०हून जास्त परत करतं.

—

मग नुसती ‘ठेवण’ अपुरी आहे. नीट बसलेली गोष्टही हलू शकते. तुम्ही जे सांगताय त्याला ‘ताठर’ म्हणतात. ‘दृढ’ नको, तो निश्चयाला शोभतो. रोडामाइन बी हे रंजक तापवलं की मंदावतं, कारण त्याचे टोकाचे नायट्रोजन-गट फिरू शकतात. रोडामाइन १०१मध्ये तेच गट वलयांत जखडलेले असतात. ते तापवूनही फारसं मंदावत नाही.

—

फ्लुओरेसीनमध्ये फ्लोरीन असतं ना? नाव त्यावरूनच असेल.

—

अणूभरही नाही! ते नाव ‘फ्लुओरेसन्स’ म्हणजे प्रतिदीप्तीवरून आलं, आणि तो शब्द भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून घडवला. त्या खनिजाचं नाव ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलं, कारण धातू वितळवताना ते मळी पातळ करायला वापरत.

—

‘आकार’ अगदी हद्दपार करू नका. नॅफ्थॅलीनची दोन वलयं अतिनील प्रकाश देतात, अँथ्रासीनची तीन निळा, टेट्रासीनची चार हिरवा. इथे वलयांची ओळ लांबत जाते आणि रंग तांबड्याच्या दिशेने सरकतो. तेव्हा रंगाबद्दल बोलताना ‘आकार’, मापाच्याच अर्थाने, चालेल. उजळण्याबद्दल बोलताना नको.

—

आभार. आता असं केलंय : ‘रंजक किती उजळेल हे बरंचसं त्याच्या रेणूची ठेवण किती ताठर आहे यावर ठरतं.’

—

‘द्रावणात’ हा शब्द घाला. टेट्राफिनाइलएथिलीन या संयुगाच्या वलयांची पाती द्रावणात मोकळी फिरतात आणि ते जवळजवळ विझलेलंच असतं. त्याचे रेणू गोळा होऊन एकमेकांत अडकले की मात्र ते उजळतं. तिथे ताठरपणा शेजाऱ्यांकडून उसना आलेला असतो. सपाट रंजकांची गोष्ट बरेचदा उलटी : एकावर एक रचले गेले की तेच मंदावतात.