मदत हवी आहे : १० मीटर एअर रायफलची पीप साइट

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकरोडला राहतो, लेक आठवीत आहे आणि १० मीटर एअर रायफल खेळते, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसळेने ब्राँझ जिंकलं तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नाही. सेकंडहँड रायफल घेतलीय पण मागच्या पीप साइटचा (ज्या बारीक छिद्रातून नेम धरतात ती) डावी-उजवी करायचा नॉब बिघडलाय वाटतं, चार क्लिक दिले तरी ग्रुप (छर्रे लागलेल्या जागांचा पुंजका) जागचा हलत नाही आणि पाचव्याला एकदम सरकतो. टार्गेटवरचा १० गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, पोरीची मेहनत वाया जातेय, बघवत नाही. साइटचे स्क्रू घट्ट आहेत, पेलेटही (छर्रे) तेच आहेत.

शिवाय नॉबच्या कडेला तांबूस गंज दिसतोय, पावसाळाभर बॅगेतच राहिली ना. तेल सोडावं का? मला भीती वाटते की तेलाला धूळ चिकटून आणखी जाम होईल.

पुढची रिंग (नळीच्या टोकाकडची, जिच्यात टार्गेटचा काळा गोल धरतात) ३.८ मिमीची आहे, ती म्हणते काळ्या गोलाभोवती पांढरी कड फार बारीक दिसते, मग ४.२ घेऊ का? नाशिकमध्ये कोणी साइट उघडून नीट करून देतं का, की पुण्यालाच न्यावी लागेल? प्लीज सांगा.