पूलमध्ये क्लोरीनचा उग्र वास येतो, मुलीला पाठवावं का?

प्रश्न:
माझी सात वर्षांची मुलगी सार्वजनिक पूलवर पोहायला शिकतेय. आत शिरल्याबरोबर क्लोरीनचा वास नाकात भरतो आणि घरी येते तेव्हा तिचे डोळे लालभडक झालेले असतात. घरचे म्हणतात, वास येतोय म्हणजे औषध भरपूर आहे, काळजी नको. मला हे पटत नाही. पण पोहण्यात ती इतकी रमलीय की बंद करवत नाही. काय सांभाळू?

उत्तर १:
ताई, तुमची शंका रास्त आहे. पूलचं पाणी सांभाळणं हेच माझं काम. चांगल्या पाण्याला एवढा वास येत नाही. क्लोरीनची घामाशी, लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. उग्र वास त्याचा, डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. म्हणजे क्लोरीन घाण निस्तरण्यात खर्ची पडतोय, जंतू मारायला कमी उरतोय.

आम्ही नळीत पाणी घेऊन त्यात एक गोळी विरघळवतो. पाणी गुलाबी होतं, तो रंग तक्त्याशी ताडून बघायचा. मोकळा क्लोरीन, म्हणजे घाणीत खर्ची न पडता जंतू मारायला उरलेला, लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम हवा आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. पीएच चढला की क्लोरीन असूनही मंद पडतो. हे आकडे तिथे बिनधास्त विचारा. सांगायला टाळाटाळ झाली, तर मी माझं मूल त्या पाण्यात उतरवणार नाही. आणि काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसतेय ना, ते रोज बघा. जाळी दिसत नसेल तर बुडणारं मूलही दिसणार नाही.

मुलीला पाण्यात उतरण्याआधी अंघोळ घाला. मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलं तरी अंगावरचा बराच मळ निघून जातो. लोक पोहून झाल्यावर अगदी चोळून अंघोळ करतात आणि आधीची टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. दर तासाला तिला बाहेर काढून शू करून आणा. पाणी तोंडात गेलं तर थुंकायचं, गिळायचं नाही, हे तिच्या मनावर ठसवा.

उत्तर २:
कानांकडेही लक्ष द्या. डोकं दोन्ही बाजूंना कलतं करून पाणी निथळू द्यायचं, मग टॉवेलने टिपायचं. काडी घालू नका. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर सरळ डॉक्टरांकडे.

प्रश्नकर्ती:
खूप आभार! एक राहिलंच. तिला नुकतेच जुलाब झाले होते. आता बरी आहे. उद्यापासून पाठवू?

उत्तर १:
उद्या नको. बरेचसे जंतू क्लोरीनने काही मिनिटांत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जाड कवचात असतो. क्लोरीन अगदी नीट राखलेल्या पाण्यातही तो सात दिवसांहून जास्त टिकतो. एका मुलाकडून तो पाण्यात आला आणि दुसऱ्याने घोटभर पाणी गिळलं, की झाली लागण. जुलाब थांबल्यावरही तो काही दिवस शौचातून बाहेर पडत राहतो, म्हणून त्याची लागण झालेल्यांनी पुढचे दोन आठवडे पाण्यात उतरायचं नसतं. तिला जुलाब कशाने झाले ते डॉक्टरांना विचारा. ते कळलं नसेल, तर मी दोन आठवडे थांबेन. शिकवणाऱ्या सरांना खरं कारण सांगा, म्हणजे बाकीच्या मुलांपैकी कुणाचं पोट बिघडलंय का तेही ते विचारतील. आणि तोवर तिला डोळ्यांवर घट्ट बसणारा गॉगल घेऊन ठेवा.