मदत हवी आहे: घराशेजारी लावलेल्या मोरपंखी तपकिरी पडताहेत

पाथर्डी फाटा, नाशिक. नवीन बांधकाम. घराच्या पश्चिम भिंतीपासून दोन फुटांवर चार फुटी मोरपंखीची रांग श्रावणात लावली. ऑक्टोबरचं ऊन सुरू झाल्यापासून भिंतीकडची बाजू तपकिरी होतेय, मधली दोन झाडं शेंड्यापर्यंत तपकिरी झालीत. जमीन काळी. रोज संध्याकाळी पाइपने पाणी. युरिया द्यावा का? की कीड आहे?

प्रतिसाद १
युरिया नको. मुळं अडचणीत असताना खत दिलं की उरलेलीही करपतात.
आधी नखाने फांदीची साल खरवडा. आत हिरवी, ओलसर असेल तर जीव आहे. पूर्ण वाळलेल्या जुन्या फांदीतून मोरपंखीला पुन्हा फूट येत नाही, ती कापायचीच.
मग दोन ठिकाणी सहा इंच उकरा: एक खोडाजवळ, पिशवीतून आलेल्या मातीच्या गड्ड्यात, दुसरं गड्ड्याच्या बाहेर. दोन्हीकडची माती मुठीत दाबून बघा. बाहेर चिखल, वास, मुळं काळी आणि साल हाताने निघणारी असेल तर मूळकूज. पाणी थांबवा, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे मुळांशी ओता.

प्रतिसाद २
कोळीही तपासा, म्हणजे पानांचा रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. सकाळीच, कडक उन्हात गंधकानेच पानं भाजतात.
भिंतीलगत प्लास्टरचा राडारोडा पुरलाय का तेही बघा. सिमेंट-चुन्याने माती आणखी अल्कधर्मी होते, लोह मिळत नाही. पण त्याने झाड पिवळं पडतं, इतकं झटपट वाळत नाही.

धागाकर्ता
कागद स्वच्छ. बाहेर ओल आहे, वास नाही. गड्डा मात्र ठणठणीत कोरडा.

प्रतिसाद १
मग निदान झालं. गड्ड्याची चिकट माती एकदा सुकली की पाणी बाजूने निसटून काळ्या मातीत जातं. त्यात भिंत दुपारची तापून रात्रीपर्यंत धग देते. बारीक सळईने गड्ड्यात चार-पाच भोकं पाडा. द्राक्षबागेत वापरतात तो ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर थेट गड्ड्यावर, दिवसाआड तासभर; पुढच्या पाण्याआधी बोट घालून बघा. वर तीन इंच पालापाचोळा, खोडाला न टेकवता. पश्चिमेला ५० टक्के शेडनेट. आत्ता उपटून दुसरीकडे लावू नका. मधल्या दोघांची साल मुळाशीही तपकिरी निघाली तर ती काढून टाका, आणि नवीन लावाल ती भिंतीपासून चार फुटांवर.