पीजे हार्वी: अल्बमपेक्षा डेमोच सरस?

पोटमाळा
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. पीजे हार्वी, डॉर्सेटच्या खेड्यात वाढलेली इंग्लिश गायिका. १९९३ च्या मे महिन्यात तिचा 'रिड ऑफ मी' आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात '४-ट्रॅक डेमोज'. डेमो म्हणजे स्टुडिओत जाण्याआधी केलेलं गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग. डेमोंच्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत. त्यातली ८ 'रिड ऑफ मी'चीच, पण बँडशिवाय, चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंग यंत्रावर एकटीने केलेली. पंधरा दिवस दोन्ही आलटून पालटून ऐकतोय आणि दर वेळी डेमोच जिंकतात.

'रिड ऑफ मी'चं शीर्षकगीत घ्या. सुरुवात इतकी बारीक की आपण आवाज वाढवतो, आणि मग ड्रम येऊन सणसणीत कानाखाली वाजवतात. पहिल्यांदा मजा आली. दहाव्यांदा क्लृप्ती कळते. डेमोत घाबरवायला कुणी नाही, ती एकटीच आहे, आणि तेच जास्त भीतीदायक आहे. २०२० पासून तिने जवळपास सगळ्या अल्बमचे डेमो वेगळे प्रसिद्ध केले. तिलाही ते कच्चा माल वाटत नसणार.

तिसरी घंटा
साफ असहमत. 'रिड ऑफ मी' स्टीव्ह अल्बिनीने मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत रेकॉर्ड केला. हा माणूस स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायलाच तयार नसे, श्रेयनामावलीत 'रेकॉर्ड केले' एवढंच हवं असे. खोलीत माइक लावायचे आणि बँड जसा वाजतो तसा पकडायचा, ही त्याची पद्धत. त्यालाच तुम्ही क्लृप्त्या करणारा ठरवलंत! ड्रमवर रॉब एलिस आहे. शीर्षकगीतात मागून जो चिरका, उंच आवाज येतो तोही त्याचाच. बाईच्या गाण्यात पुरुष बाईसारखा किंचाळतोय, हा गाण्याचा अर्धा अर्थ आहे. तो एकटीच्या डेमोत कुठून येणार?

उगाच एक
रियाज चोरून ऐकायचा आणि म्हणायचं, मैफलीत ती मजा नव्हती. चालू द्या.

पोटमाळा
@उगाच एक, तिनेच दार उघडं ठेवलंय, चोरी कसली?
@तिसरी घंटा, एलिसचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण 'खोली पकडली' म्हणजे गाणं पकडलं असं नाही. बऱ्याच ठिकाणी तिचा आवाज त्या खोलीत बुडालाय. शब्द ऐकायला कान टवकारावे लागतात.

सातारकर लंडनला
तुम्ही दोघं १९९३ मध्येच अडकलात. 'लेट इंग्लंड शेक' (२०११) हा तिचा युद्धावरचा अल्बम घ्या. त्या वेळी तिने आधी शब्द लिहिले, चाली नंतर केल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये बीबीसीवर, समोर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन बसलेले असताना, शीर्षकगीत गायली तेव्हा त्यात इस्तंबूलवरच्या एका जुन्या लोकप्रिय गाण्याचा तुकडा वाजत होता. अल्बममध्ये तो तुकडा नाही, तीच धून झायलोफोनवर उरली आहे. आधी ते चतुर वाटत होतं, आता अंगावर येतं. त्यातल्याच 'द ग्लोरियस लँड' गाण्यातला बिगुल ऐका. तो तालात बसतच नाही, मधेच येऊन वाजून जातो. शेजारच्या मैदानावरच्या पलटणीला या गाण्याशी काही देणंघेणं नसावं, तसा. असली गोष्ट ठरवून करावी लागते. हे सगळं डॉर्सेटमधल्या ईप गावच्या चर्चमध्ये रेकॉर्ड झालंय. या अल्बमने तिला मर्क्युरी पुरस्कार (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा) दुसऱ्यांदा मिळाला. दोनदा मिळवणारी ती पहिलीच.

अवांतर: २०१५ च्या जानेवारीत ती लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये पुढचा अल्बम काचेच्या खोलीत रेकॉर्ड करत होती. आम्हाला ती दिसायची, तिला आम्ही नाही. तिकीट काढून ४५ मिनिटं उभा होतो. त्यातला बराच वेळ नुसती चर्चा आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा. माझ्या शेजारचा गृहस्थ दहा मिनिटांत कंटाळला. मला मात्र कळलं की ही बाई काहीही सुटं सोडत नाही.

कोरडी विहीर
धाग्याच्या मुळाशीच घोळ आहे. घरी एकटीने गायलेलं ते अस्सल आणि स्टुडिओत मेहनत घेतलेलं ते बनावट, हे आपण गायिकांच्याच बाबतीत का बोलतो? पुरुषाने केलं की रचना, बाईने केलं की जखम उघडी केली. 'व्हाइट चॉक' अल्बमसाठी (२००७) ती नीट न येणाऱ्या पियानोकडे वळली, आवाज मुद्दाम वरच्या पट्टीत नेला. त्यात 'आतून आलेलं' काय? सगळं निवडलेलं आहे. डेमोसुद्धा. त्या १४ गाण्यांचा क्रमही कुणीतरी बसून लावलाच ना?

पोटमाळा
'अस्सल' हा शब्द मी वापरलेला नाही, वर जाऊन बघा. पण क्रमाचा मुद्दा बोचला.
बिगुल आत्ताच ऐकला. 'लेट इंग्लंड शेक' माझ्या दाव्यातून वगळतो. 'रिड ऑफ मी' नाही वगळणार.

तिसरी घंटा
मग तिचा पहिला अल्बम 'ड्राय' (१९९२) घेऊ. त्याचेही डेमो आहेत, सुरुवातीच्या काही प्रतींसोबत तेव्हाच दिले होते. त्यातलं 'शीला-ना-गिग' हे गाणं दोन्हीकडचं ऐका आणि सांगा.

उगाच एक
झालं, आता अजून पंधरा दिवस.